चौकटीत न मावलेला शब्द

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागात कवितांचा सुकाळ असतो, प्रवासवर्णनांचाही असतो. त्यात वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावरील चौकटींबद्दल लिहावे हे वाचकांना कितपत रुचेल, ठाऊक नाही. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. ती एकदा कागदावर उतरवल्याशिवाय मला स्वस्थता लाभणार नाही. आणि ती सांगायची तर चौकटींची गोष्ट सांगणे भाग आहे.

माझ्या मामांचा शहापुरात छापखाना आहे. फार मोठा नव्हे. लग्नपत्रिका, बिलबुके, देवळाच्या पावत्या आणि निवडणूक आली की हस्तपत्रके. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत काम चालते; बेळगावात राहून एकाच भाषेत छापणारा छापखाना काढणे म्हणजे एकाच पायाची चप्पल विकायला बसणे होय. खिळे जुळवण्याचे दिवस केव्हाच संपले. जुने ट्रेडल मात्र कोपऱ्यात अजून उभे आहे आणि बिलबुकांवर नंबर घालायला किंवा पत्रिकांवर घडीची रेघ पाडायला अधूनमधून खडखडते.

सगळे छापणारे मामा स्वतःची बिले मात्र हाताने लिहीत. मराठी गिऱ्हाइकाला मराठीत, कन्नड गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये. आमच्या बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात संगणकाचा एक पेपर असतो. तो देऊन मी ताजातवाना झालो होतो. म्हटले, "मामा, तुम्हाला बिलाचा प्रोग्रॅम करून देतो. भाषा निवडायची, आकडे घालायचे, बिल बाहेर." मामा म्हणाले, "कर की. फक्त गिऱ्हाईक खोळंबायला नको."

प्रयोगशाळेत आम्हाला विंडोज फॉर्म्स शिकवले होते, तेच मी घेतले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक कोरा फॉर्म येतो. बाजूच्या पेटीतून बटणे, रकाने, नावाच्या पट्ट्या उचलायच्या आणि फॉर्मवर ठेवायच्या. हात थांबला तेथे वस्तू बसते. मागच्या बाजूला संगणक एका वेगळ्या फाइलीत हुकूम लिहीत जातो: एक बटण तयार कर; ते डावीकडून २४ आणि वरून ११२ वर ठेव; रुंदी ९० कर, उंची २३ कर. छापायच्या बिलासाठी तर हे हुकूम मी स्वतःच लिहिले. अमुक ठिकाणी अमुक मापाची चौकट धर आणि तीत हा शब्द काढ. चार दिवसांत काम झाले. मामींनी चहाबरोबर कुंदा ठेवला आणि मी मनातल्या मनात पहिली नोकरी लागल्याचे पाहून घेतले.

मे महिन्यात एक निवृत्त कन्नड मास्तर मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन आले. मामांकडे ते पुष्कळ वर्षांपासून येतात. पत्रिका दोन्ही भाषांतली, कारण नवऱ्यामुलाकडची मंडळी मराठी. एकूण ३,३५० रुपये ठरले. त्यांनी १,५०० आगाऊ दिले. मी ऐटीत कन्नड बिल काढून त्यांच्या हातात ठेवले. मास्तरांनी चष्मा नव्हता म्हणून न वाचताच घडी करून खिशात घातले.

पत्रिका न्यायला त्यांचा मुलगा आला. मामांनी १,८५० रुपये मागितले. त्याने बिल पुढे केले. त्यावर कन्नडमध्ये तीन ओळी होत्या: ओट्टु ३,३५०, मुंगड १,५००, पावति १,८५०. म्हणजे एकूण इतके, आगाऊ इतके, आणि उरलेले पोचले. बेरीज चोख जुळत होती. वाणिज्याचा कोणताही विद्यार्थी ते बिल बघून खाते मिटवील.

मामांनी ते दोनदा वाचले. रोजमेळात १,५०० शिवाय पैसा जमा नव्हता हे त्यांना माहीत होते. पण ते म्हणाले, "बिल आमच्या छापखान्याचं हाय. त्यावर हाय तेच खरं," आणि गठ्ठा बांधून दिला.

तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले. आपण काय दिले नि काय राहिले हे त्यांना पक्के आठवत होते. टेबलावर १,८५० रुपये ठेवले आणि मामांना कन्नडमध्ये म्हणाले, पैशाचं काही नाही. पण माझा मुलगा विचारतोय की शेजाऱ्याकडचं तुमचं मराठी बिल नीट आहे, मग कन्नडच तेवढं कापलेलं का?

मी संगणकापाशी बसलो होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते एवढेच म्हणाले, "चुकलं, मास्तर." आमच्या गावात अक्षर कापले गेले, तर ते नुसते चुकून कापले गेले असे सहसा कोणी धरत नाही. पाट्यांवरून काय काय होते ते लहानपणापासून मी पाहत आलो आहे. आणि त्या दिवशी ते अक्षर माझ्या हातून कापले गेले होते.

काय घडले होते ते संध्याकाळी उलगडले. मराठी बिलात मी लिहिले होते 'येणे'. कन्नडमध्ये लिहिले होते 'पावतिसबेकाद मोत्त', म्हणजे द्यावयाची रक्कम. मी ठरवून दिलेल्या चौकटीत 'येणे' ऐसपैस बसत होते. 'पावतिसबेकाद' मात्र तीन अक्षरांनंतर काठावर तुटले, आणि उरले 'पावति'. म्हणजे चक्क उलट अर्थ! संगणकाने तक्रार केली नाही. करणार तरी का? त्याला मी सांगितले होते की इतक्या रुंदीत काढ. त्याने इतक्या रुंदीत काढले.

वर्गात माझ्या शेजारी बसणारा मित्र कन्नड विभागाचे काम पाहतो. त्याला बिल दाखवले तर तो आधी पोटभर हसला. मग म्हणाला, "एवढं लांबलचक कुठून आणलास रे? सरळ बाकी लिही की. आम्ही पण बाकीच म्हणतो." खरेच होते. 'बाकी' हा शब्द दोन्हीकडे एकच. बाजारात कन्नड बोलताना मीही तोच वापरतो. पण छापायचे म्हटल्यावर मला शाळेच्या पुस्तकातले कन्नड आठवले. मराठीत अर्ज लिहिताना आपण नाही का एकदम 'सदरहू' नि 'उपरोक्त' होऊन जातो!

शब्द बदलून प्रश्न मिटला असता. परंतु माझे मन भरेना. उद्या दुसरा कोणता तरी शब्द लांब निघाला असता. चूक शब्दाची नव्हतीच, चौकटीची होती. आणि चौकट मी मराठी शब्दाच्या मापाने बेतली होती. मुद्दाम नव्हे. स्वतःच्या भाषेत बिल तयार करून पाहिले, छान दिसले, आणि दुसरी भाषा नंतर त्यात कोंबली. माझ्या मनात काहीही वाकडे नव्हते हे मी शपथेवर सांगेन. पण मास्तरांच्या मुलाचा प्रश्नही खोटा नव्हता.

त्या आठवड्यात मामांकडे एक जुने हस्तलिखित निघाले. कोणा मंडळाचा अहवाल, खिळ्यांच्या काळातला. समासात तांबड्या शाईने मामांच्या हातच्या खुणा होत्या: 'ठळक', 'मधोमध', 'नवा परिच्छेद', 'नावे दोन स्तंभांत'. मी विचारले, "मामा, यात माप कुठं लिहिलंय?" ते म्हणाले, "माप मी कशाला लिहू? ते जुळारी बघायचा. मजकूर किती हाय, कागद किती हाय, ते बघून बसवायचा. मला काय पाहिजे तेवढं मी सांगायचो."

मला काय पाहिजे तेवढे. नेमकी हीच पद्धत संगणकात आहे आणि तिचा उगमही छापखान्यातच आहे, हे मला त्यानंतरच्या वाचनात कळले. संपादक हस्तलिखितावर अशा ज्या खुणा करतो त्यांना इंग्रजीत मार्कअप म्हणतात. १९६७ साली कॅनडा सरकारच्या मुद्रण कार्यालयातील एका बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी मांडले की दस्तऐवजातला मजकूर आणि त्याचे रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पुढे १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी कायद्याच्या कागदपत्रांसाठी एक खुणांची भाषा रचली. तिचे नाव जीएमएल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरेही तीच. गोल्डफार्ब मूळचे वकील, ही गोष्ट मला विशेष आवडली. संगणकात काही करायला संगणकशास्त्राचाच माणूस लागतो असे नाही. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले, आणि त्याच घराण्यातली एचटीएमएल आज जगभर पसरली आहे.

पण या साऱ्या भाषा दस्तऐवजांसाठी होत्या. बटणे, रकाने, याद्या असलेला कामाचा पडदाही अशाच खुणांनी वर्णन करता येईल हे लोकांच्या ध्यानी आले ते नंतर. फायरफॉक्स ब्राउझर करणाऱ्या मोझिलाची झूल होती, अ‍ॅडोबीच्या फ्लेक्सची एमएक्सएमएल होती, आणि मायक्रोसॉफ्टची झॅमल, जी २००६ च्या नोव्हेंबरात डब्ल्यूपीएफ या संचाबरोबर बाहेर आली. आमच्या सरांनी मला झॅमलकडे वळवले, कारण मामांच्या यंत्रावर विंडोजच होते आणि मागची हिशेबाची भाषा मला बदलावी लागणार नव्हती.

झॅमलमध्ये तुम्ही हुकूम देत नाही, वर्णन करता. कोनी कंसांत लिहायचे: येथे एक ग्रिड आहे. तिला दोन स्तंभ आहेत. दुसरा स्तंभ आकड्यांचा. त्याची रुंदी 'ऑटो', म्हणजे त्यातल्या आकड्याला लागेल तेवढी. पहिला स्तंभ शब्दांचा. त्याची रुंदी एक तारा, म्हणजे उरेल तेवढी सगळी. ओळींची उंची ऑटो. शब्द लांब असेल तर दुमडून खालच्या ओळीत जावा. संपले. डावीकडून २४, वरून ११२ हे कोठेच नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे परके वाटू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ताळेबंदाचा नमुना दिलेला आहे. त्यात कोणते शीर्षक कोणाखाली यावे ते सांगितले आहे, बेरीज बोटांवर करा की यंत्रावर, ते नाही.

मग जागा कोण ठरवतो? आत एक जुळारी बसलेला आहे. तो दोन फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत बाहेरची चौकट आतल्या प्रत्येकाला विचारते, तुला किती जागा हवी? आतली चौकट आपल्या आतल्यांना विचारते. असे करत प्रश्न थेट शेवटच्या शब्दापर्यंत जातो आणि मापे उलटी वर येतात. दुसऱ्या फेरीत ज्याला त्याला जागा नेमून दिली जाते. पंगत वाढण्यापूर्वी पाने किती ते मोजतात, तसेच. मागितली तितकी सगळ्यांना मिळेलच असे नाही. कागद शेवटी कागदाएवढाच असतो. पण निदान विचारले तर जाते. माझ्या पहिल्या प्रोग्रॅमने 'पावतिसबेकाद'ला काहीच विचारले नव्हते.

येथे न्यायाने एक सांगितले पाहिजे. सगळा दोष विंडोज फॉर्म्सवर टाकता येणार नाही. आपोआप ताणणाऱ्या चौकटी त्यातही २००५ पासून आहेत. मी त्या वापरल्या नाहीत. उचलून ठेवणे सोपे होते म्हणून ठेवले. झॅमलमध्ये उलट आहे. तेथे माप ठोकून बसवायचे तर ते मुद्दाम लिहावे लागते. माणूस आळशी असतो हे धरूनच ही भाषा केलेली असावी.

शब्दही आता मी पडद्यातून काढून बाहेर ठेवले आहेत. एक कोश मराठीचा, एक कन्नडचा. पडद्याच्या वर्णनात नुसती किल्ली असते, आणि भाषा बदलली की कोश बदलतो. पडद्यावरची ग्रिड आणि कागदावरची ग्रिड एकच. जी दिसते तीच छापता येते. दोन्ही लिपींसाठी विंडोजमधला निर्मला नावाचा टाइप पुरतो. मामींचेही नाव निर्मलाच, त्यामुळे घरात त्या प्रोग्रॅमला एकदम मान आला.

एवढे वाचून कोणाला वाटेल की झाले, आता सुख. तसे नाही. झॅमलमध्ये आकडाही सांगून बांधतात: या जागी 'आगाऊ' नावाची रक्कम दाखव. मागे रक्कम बदलली आणि तशी वर्दी दिली की पडदा आपोआप बदलतो. फार सोयीचे आहे. पण त्या नावात एक अक्षर चुकले तर प्रोग्रॅम थांबत नाही, ओरडत नाही. ती जागा कोरी सोडतो आणि आपल्या आतल्या टिपणवहीत एक ओळ लिहून मोकळा होतो. माझे तसेच झाले. परीक्षेसाठी बिल छापले तर 'मुंगड' शब्द संपूर्ण, सुबक, आणि त्याच्यापुढे काहीच नाही! जुन्या प्रोग्रॅमने शब्द गिळला होता, नव्याने रक्कम गिळली. ही चूक गिऱ्हाइकाच्या हाती गेली नाही एवढेच. तेव्हापासून मी तीन बिले दोन्ही भाषांत काढून हाताने ताडून पाहिल्याखेरीज काहीही बदललेले मामांच्या यंत्रावर चढवत नाही. आणि आधी कन्नड काढतो, मग मराठी.

या भाषांचे आयुष्यही मोठे नसते. झूलवर उभी असलेली जुनी जोडणी-साधने फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केली. फ्लेक्स अ‍ॅडोबीने २०११ मध्ये अपाचे या संस्थेच्या हवाली केले. झॅमलचाच ब्राउझरमधला भाऊ सिल्व्हरलाइट, त्याचा आधार २०२१ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने काढून घेतला. डब्ल्यूपीएफ मात्र टिकून आहे. २०१८ मध्ये त्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला झाला. अ‍ॅपलची २०१९ ची स्विफ्टयूआय किंवा गुगलची २०२१ ची जेटपॅक कंपोज, यांत तर कोनी कंसही राहिलेले नाहीत. वर्णन सरळ प्रोग्रॅमच्याच भाषेत लिहितात. माझे झॅमल मी नोकरीला लागेपर्यंत राहील की नाही, कोणास ठाऊक. मामा म्हणतात खिळेही गेले, त्यात काय. पण काय पाहिजे ते सांगायचे आणि माप जुळाऱ्यावर सोडायचे, ही रीत यांपैकी कोणीही टाकलेली नाही.

'पावतिसबेकाद मोत्त' मी काढून टाकले नाही. मित्राचे ऐकून बिलावर 'बाकी' छापतो. पण कोशात तो लांब शब्द चाचणीसाठी ठेवला आहे. काही बदलले की आधी तो घालून पाहतो. आता तो दोन ओळींत उतरतो आणि सगळा दिसतो.

दिवाळीनंतर मास्तर पुन्हा आले, मुलाच्या गृहप्रवेशाच्या पत्रिका घेऊन. मुलगा बरोबर नव्हता. मी बिल काढले. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि तीनही ओळी बोट ठेवून मोठ्याने वाचल्या: ओट्टु, मुंगड, बाकी. आकडेही वाचले. मान हलवली. माझ्याकडे बघून हसलेही. मग बिलाची घडी खिशात घालून मामांकडे वळले आणि म्हणाले, "ओंदु चीटि बरदु कोडरी."

मामांनी खणातून पॅड काढले आणि तेच तीन आकडे कन्नडमध्ये हाताने लिहून त्यांना दिले.